कोणत्या बटणामागे कोणती पिन

धुळ्याला देवपुरातल्या एका घरी नुकताच ७.२ चॅनलचा (सात स्पीकर, दोन सबवूफर) रिसीव्हर बसवला. रिसीव्हर म्हणजे सगळ्या वस्तूंचं चित्र-आवाज एका जागी घेऊन चित्र टीव्हीला आणि आवाज स्पीकरांना देणारं यंत्र. स्पीकरच्या वायरी आधीच ओढून झाल्या होत्या. उरलं होतं ते फक्त इनपुटचं काम: डिशचा सेटटॉप बॉक्स, इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी फोर-के स्टिक, टीव्हीतली स्वतःची अ‍ॅप्स, जपून ठेवलेला जुना डीव्हीडी प्लेअर आणि एक रेकॉर्ड प्लेअर. ऐकायला अर्ध्या तासाचं काम. प्रत्यक्षात अख्खी संध्याकाळ गेली, आणि दुसऱ्या दिवशी एक जोडणी काढून दुसरीकडे न्यावी लागली. काय केलं, कुठे अडलं आणि का अडलं, ते क्रमाने लिहितो. रिसीव्हरसोबतच्या पुस्तिकेत प्रत्येक बटण काय करतं ते सापडतं; कोणतं आधी आणि कोणतं नंतर, ते सापडत नाही.

एक गोष्ट समजली की बाकीचं सोपं जातं, म्हणून ती आधी. रिसीव्हरच्या पाठीवर एचडीएमआयच्या सॉकेटांवर नावं छापलेली असतात: सीबीएल/सॅट, डीव्हीडी, ब्लू-रे, गेम, मीडिया प्लेअर. ही नावं म्हणजे निव्वळ चिठ्ठ्या. 'गेम' लिहिलेल्या सॉकेटला डिशचा बॉक्स लावला तरी तो चालतोच. रिमोटवरचं 'डीव्हीडी' हे बटण म्हणजे एक खातं समजा. त्या खात्यात दोन नोंदी असतात: चित्र कोणत्या सॉकेटमधून घ्यायचं आणि आवाज कोणत्या सॉकेटमधून घ्यायचा. कंपनीने या नोंदी आधीच भरून दिलेल्या असतात आणि त्या आपल्याला बदलता येतात. डेनॉन-मॅरँट्झमध्ये या पानाला 'इनपुट असाइन' म्हणतात, इतर कंपन्यांत नाव थोडं वेगळं असतं, पण तक्ता तोच. आडव्या ओळींत सोर्सची, म्हणजे जोडलेल्या वस्तूंची, नावं, उभ्या रकान्यांत एचडीएमआय, डिजिटल आणि अ‍ॅनालॉग. 'चित्र येतं पण आवाज नाही' किंवा 'आवाज आहे पण टीव्ही काळा' अशा तक्रारी येतात, तेव्हा बऱ्याचदा वायर बिघडलेली नसते. या तक्त्यातली एक नोंद चुकलेली असते.

म्हणून एकही पिन लावण्याआधी कागद घ्यायचा आणि त्यावर पाच रकाने आखायचे: वस्तू कोणती, चित्राची वायर कोणती, आवाजाची वायर कोणती, सॉकेटचा नंबर काय, रिमोटवर बटण कोणतं. त्या घरी हा कागद दहा मिनिटांत भरून झाला आणि भरतानाच दोन गोष्टी उघड झाल्या. डीव्हीडी प्लेअरला एचडीएमआय नव्हतंच. रेकॉर्ड प्लेअरच्या पाठीला फोनो आणि लाइन असा एक बारीक स्विच होता. या दोन्ही गोष्टी मागे हात घालून, टॉर्चच्या उजेडात कळल्या असत्या तर तासभर वाया गेला असता.

मग वीज. आपल्या भागात हा मुद्दा सोडून चालत नाही. डिशच्या बॉक्सची वायर फिरवताना धातूच्या कडेला मुंग्या आल्यासारखं जाणवत असेल, तर अर्थिंग नीट नाही असं समजायचं. बॉक्स, टीव्ही आणि रिसीव्हर यांच्या वीजपुरवठ्यातून थोडी गळती होतच असते. अर्थिंगने ती जमिनीत जायला हवी. तिथे वाट मिळाली नाही, तर एचडीएमआय लावताना आणि काढताना ती सिग्नलच्या बारीक पिनांतून वाट काढते आणि सॉकेट निकामी होतं. पुढे लोक म्हणतात, 'काही केलं नाही, फक्त वायर काढली आणि पोर्ट गेला.' वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगितलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण फेज आणि अर्थमध्ये ११५ च्या आसपास. हा आकडा बघितला की थांबायचं. तिसऱ्या पिनेची वायर कुठेतरी सुटलेली आहे आणि ती नुसती तरंगते आहे, असा त्याचा अर्थ. इथेही तसंच निघालं: मागच्या अंगणातल्या खड्ड्यात पट्टीचा नट गंजून सैल झाला होता. नट बदलला, पट्टी घासली आणि खड्ड्यात तीन बादल्या पाणी ओतलं. खानदेशातली काळी माती उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाइपाभोवती पोकळी होते. पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग वैशाखात कामाची राहत नाही ती यामुळे. आखाजीच्या सुमारास त्या खड्ड्यात दर आठवड्याला पाणी घालायची सवय लावून घ्या. आणि एवढं करूनही नियम तोच: वायर लावताना आणि काढताना सगळ्यांचे स्विच बोर्डावरून बंद. रिमोटने बंद करणं म्हणजे बंद नव्हे.

घरातल्या कोणी अमेरिकेतून रिसीव्हर आणून दिला असेल, तर मागची पट्टी वाचल्याशिवाय पिन खोचू नका. तिथे १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर आपल्या २३० वर तो लगेच जळेल. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तोही पट्टीवरच्या वॅटच्या साधारण दुप्पट क्षमतेचा.

पहिली वायर टीव्हीची. फक्त टीव्हीची. रिसीव्हरच्या 'एचडीएमआय आउट' वर बहुतेक वेळा एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं असतं. टीव्हीलाही तीन-चार सॉकेटांपैकी एकावरच तसं लिहिलेलं असतं. ती दोन एकमेकांना जोडायची. दुसऱ्या सॉकेटला लावली तर चित्र येईल, पण टीव्हीचा आवाज उलटा रिसीव्हरकडे येणार नाही. दोन्ही चालू करून रिमोटवर 'सेटअप' दाबलं आणि मेन्यू पडद्यावर दिसला, म्हणजे पाया पक्का झाला. आता एकेक वस्तू लावायची, तपासायची आणि मगच पुढची. पाचही वस्तू एकदम लावून मग अडचण शोधणं म्हणजे कापसाच्या ढिगात सुई हुडकणं.

वायरीची लांबी इथेच ठरवून घ्या. दोन-तीन मीटरपर्यंत साधी चांगली वायर पुरते. टीव्ही एका भिंतीवर आणि रिसीव्हर दुसऱ्या भिंतीला असेल, दहा मीटर लागणार असेल, तर फायबरची अ‍ॅक्टिव्ह वायर घ्यावी लागते. तिला दिशा असते. 'सोर्स' लिहिलेलं टोक रिसीव्हरकडे आणि 'डिस्प्ले' लिहिलेलं टोक टीव्हीकडे. उलटी ओढली तर काहीच दिसणार नाही. एआरसी चालेल असं पाकिटावर लिहिलेलं आहे का तेही बघून घ्या, सगळ्यांत चालत नाही. घराचं बांधकाम सुरू असेल तर पाइप मोठा टाका. २० मिलिमीटरच्या पाइपातून एचडीएमआयचं डोकं जात नाही.

दुसरी वस्तू डिशचा बॉक्स. तो सीबीएल/सॅटला लावला. वायर लावून काम संपत नाही, बॉक्सच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जावं लागतं. तिथे दोन गोष्टी बघायच्या. चित्राचं रिझोल्यूशन ५७६ वर अडकलेलं असेल तर १०८० करायचं, आणि आवाज 'स्टिरिओ' वर असेल तर 'डॉल्बी' किंवा 'ऑटो' करायचा. नवा बॉक्स बऱ्याचदा स्टिरिओवरच येतो आणि मग एचडी चॅनलचा ५.१ आवाज असूनही आपल्यापर्यंत पोचत नाही. खात्री कशी करायची? रिसीव्हरच्या रिमोटवरचं 'इन्फो' दाबायचं आणि आत काय येतंय ते वाचायचं. 'पीसीएम' दिसलं तर दोन चॅनल, 'डॉल्बी डी' दिसलं तर बहुतेक वेळा पूर्ण ५.१. मागचे स्पीकर वाजतात म्हणजे ५.१ आलं, असं समजू नका. रिसीव्हर दोन चॅनलचा आवाजही सगळ्या स्पीकरांवर पसरवून देतो. कान फसतात, इन्फोचं पान फसत नाही.

तिसरी वस्तू फोर-के स्टिक, आणि इथे पहिली अडचण आली. स्टिक थेट सॉकेटमध्ये न खोचता तिच्यासोबतच्या छोट्या लवचिक तुकड्याने लावायची. दोन कारणं: सॉकेटवर भार येत नाही, आणि रिसीव्हरच्या पत्र्यापासून ती थोडी लांब राहिल्यामुळे वायफाय नीट मिळतं. वीज तिच्या स्वतःच्या अडॅप्टरवरून द्यायची, टीव्हीच्या यूएसबीवरून नाही. तिथून अनेकदा अर्धाच अँपिअर मिळतो आणि मग स्टिक मध्येच बंद पडून पुन्हा चालू होते.

चित्र आलं, पण एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारं चित्र, येईना. याला दोन कुलपं असतात आणि दोन्ही उघडावी लागतात. एक रिसीव्हरमध्ये: 'फोर-के सिग्नल फॉरमॅट' हे 'स्टँडर्ड' वरून 'एन्हान्स्ड' करायचं. दुसरं टीव्हीत, आणि तेही त्या एका सॉकेटपुरतं. सोनीत त्याला 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट' म्हणतात, सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'अल्ट्रा एचडी डीप कलर'. दोन्ही उघडली आणि एचडीआर आलं. पण त्याबरोबर दुसरंच काहीतरी आलं: काळ्या भागात पांढरे ठिपके चमकायला लागले, आणि दर दोन-तीन मिनिटांनी पडदा सेकंदभर काळा. इथे बहुतेक जण सेटिंग परत स्टँडर्डवर नेतात आणि रिसीव्हर बिघडला म्हणून सोडून देतात. दोष वायरीचा असतो. फोर-के, सेकंदाला ६० फ्रेम आणि एचडीआर हे १८ गिगाबिटच्या वायरीचं काम आहे. एचडीएमआय १.४ च्या काळातल्या वायरी १०.२ गिगाबिटच्या. स्टिकचा तुकडा नवा होता, पण रिसीव्हर ते टीव्ही ही वायर जुन्या टीव्हीबरोबर आलेली होती. वाटेतले दोन्ही टप्पे सारखे हवेत हे विसरलं जातं. पाच कंदिलाजवळच्या बाजारातून 'प्रीमियम हाय स्पीड' असं लेबल असलेली दोन मीटरची वायर आणली आणि ठिपके गेले. दुकानात वायर घेताना 'फोर-के' शब्दावर जाऊ नका, तो प्रत्येक पाकिटावर असतो. स्कॅन करता येणारं लेबल आहे का ते बघा.

स्टिकमध्ये आवाजासाठी 'सराउंड साउंड' हे 'बेस्ट अव्हेलेबल' ठेवलं. तिथे पीसीएम निवडलेलं राहिलं तर स्टिक स्वतःच आवाज उलगडून पाठवते आणि डोक्यावरूनही आवाज आणणारा अ‍ॅटमॉस हरवतो.

आता डीव्हीडी प्लेअर, ज्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. तो का जपून ठेवला होता हे महत्त्वाचं: घरातल्या लग्नांच्या, जावळाच्या, कानबाईच्या रोटांच्या सगळ्या चित्रफिती डीव्हीडीवरच होत्या. त्याच्या मागे पिवळी, लाल, पांढरी पिन आणि एक नारिंगी, म्हणजे कोअ‍ॅक्सिअल डिजिटल. पहिली चूक सगळेच करतात ती केली: पिवळी पिन रिसीव्हरच्या पिवळ्या सॉकेटला लावली आणि डीव्हीडी बटण दाबलं. आवाज आला, पडदा काळा. कारण साधं आहे. कमी किमतीच्या बऱ्याच रिसीव्हरांमध्ये पिवळ्या पिनेतून आलेलं चित्र एचडीएमआयवर चढवायची सोय नसते. ते चित्र रिसीव्हरच्या पिवळ्या 'मॉनिटर आउट'मधूनच बाहेर जातं, आणि तिथून टीव्हीला वायर ओढलेली नव्हती. मग रिसीव्हरचा वळसा सोडला. पिवळी वायर थेट टीव्हीला आणि आवाज नारिंगी वायरीने रिसीव्हरला.

नव्या टीव्हीला तीन पिनांची सॉकेटं नसतात, हेडफोनसारखं एकच बारीक छिद्र असतं आणि सोबत अडॅप्टरची शेपटी. ती शेपटी हरवली असेल आणि बाजारातली कुठलीही आणली, तर चित्र न येता नुसती घरघर ऐकू येते. त्या बारीक पिनेवर चार पट्टे असतात आणि कोणत्या पट्ट्यावर चित्र, कोणत्यावर आवाज, हा क्रम कंपनीगणिक बदलतो. अशा वेळी प्लेअरची पिवळी पिन शेपटीच्या लालमध्ये, मग पांढऱ्यात घालून बघायची. आपल्याला फक्त चित्रच हवं होतं, त्यामुळे लालमध्ये चित्र सापडलं तसं तिथेच ठेवलं आणि पिनेवर चिकटपट्टी लावून खूण केली.

नारिंगी वायर ७५ ओहमची असते. ती मिळाली नाही तर व्हिडिओची पिवळी वायर चालते, तीही ७५ ओहमचीच. लाल-पांढरी वायर मीटरभर अंतरावर चालून जाते, पण मधूनमधून आवाज तुटला तर तिच्यावरच संशय घ्या. यानंतर प्लेअरच्या मेन्यूत 'एसपीडीआयएफ', म्हणजे डिजिटल आवाजाचं सेटिंग, शोधायचं. तिथे 'ऑफ' असेल तर आवाज येणारच नाही, 'पीसीएम' असेल तर दोन चॅनल, 'रॉ' किंवा 'बिटस्ट्रीम' असेल तर ५.१. या प्लेअरमध्ये 'ऑफ' होतं.

आणि मग तक्ता. डीव्हीडीच्या ओळीत डिजिटलच्या रकान्यात 'कोअ‍ॅक्स' घातलं, आणि एचडीएमआयच्या रकान्यात जे आधीपासून भरलेलं होतं ते काढून तिथे आडवी रेघ ठेवली. ही रेघ सगळ्यात जास्त विसरली जाते. इनपुट 'ऑटो'वर असताना रिसीव्हर आधी एचडीएमआय बघतो, मग डिजिटल, मग अ‍ॅनालॉग. उद्या त्या रिकाम्या एचडीएमआयला कोणी लॅपटॉप लावला, की डीव्हीडीच्या बटणावर लॅपटॉप वाजायला लागेल आणि कोणालाच कारण कळणार नाही. जो रकाना वापरायचा नाही, तिथे रेघ.

आणखी एक गाठ होती. टीव्ही 'एव्ही'वर नेला की रिसीव्हर आपणहून 'टीव्ही ऑडिओ'वर उडी मारायचा, कारण टीव्ही त्याला सांगतो की आता आवाज माझ्याकडून घे. क्रम बदलला की सुटतं: आधी टीव्ही एव्हीवर न्यायचा, मग रिसीव्हरवर डीव्हीडी दाबायचं. 'टीव्ही ऑडिओ स्विचिंग' नावाचं सेटिंग असेल तर ते बंद केलं तरी चालतं, पण मग टीव्हीतली अ‍ॅप्स लावताना बटण हाताने दाबावं लागतं. या घरी क्रमच बरा पडला, कारण डीव्हीडी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा लागणार आणि अ‍ॅप्स रोज.

कुणाच्या टीव्हीला एआरसी नसेल आणि ऑप्टिकल वायर लावायची वेळ आली, तर दोनच गोष्टी. टोकावरची पारदर्शक टोपी काढा, ती तशीच ठेवून जोर लावणारे पुष्कळ भेटतात. आणि टीव्ही चालू असताना वायरीच्या दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसतो का बघा. दिसला तर टीव्ही आणि वायर दोन्ही ठीक, दोष तक्त्यात. ऑप्टिकलमधून डॉल्बीचा ५.१ जातो, अ‍ॅटमॉस जात नाही.

टीव्हीतल्या अ‍ॅप्ससाठी वेगळी वायर लागत नाही. आपण पहिली लावलेली तीच एचडीएमआय उलट दिशेने आवाज आणते, यालाच एआरसी म्हणतात. ही सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे, आणि ईएआरसी २०१७ च्या २.१ पासून. टीव्हीत साउंड आउटपुट 'ऑडिओ सिस्टिम' किंवा 'एचडीएमआय एआरसी' करायचं, डिजिटल आउटपुट 'ऑटो' किंवा 'पास थ्रू', आणि रिसीव्हरमध्ये 'एचडीएमआय कंट्रोल' आणि 'एआरसी' दोन्ही चालू. कंट्रोलचं नाव टीव्हीत वेगळं असतं: सॅमसंगला अ‍ॅनीनेट प्लस, एलजीला सिम्पलिंक, सोनीला ब्राव्हिया सिंक. तांत्रिक नाव सीईसी. सगळं बरोबर असूनही एआरसी जागं झालं नाही, तर दोन्हींच्या पिना बोर्डावरून पाच मिनिटं काढून ठेवायच्या, आधी टीव्ही चालू करायचा, मग रिसीव्हर. दोघांची ओळख नव्याने होते. इथे पहिल्याच वेळी झाली.

रेकॉर्ड प्लेअरचं थोडक्यात. मागचा स्विच 'फोनो'वर असेल तर वायर रिसीव्हरच्या 'फोनो' सॉकेटला, 'लाइन'वर असेल तर साध्या सीडी किंवा ऑक्सला. फोनो साध्या सॉकेटला लावलं तर आवाज जेमतेम ऐकू येतो. लाइन फोनोला लावलं तर फाटतो. बारीक काळी वायर 'ग्राउंड'च्या स्क्रूखाली आवळायची, नाहीतर ५० हर्ट्झची गुणगुण थांबत नाही. आणि प्लेअर सबवूफरच्या फळीवर ठेवायचा नाही.

आवाजाच्या पातळ्या हे काम कोणी करत नाही, पण रोजच्या वापरात त्याचाच फरक पडतो. डिशवर बातम्या चाळीसवर ऐकू येतात आणि स्टिकवर तेच पुटपुटल्यासारखं वाटतं, मग बटण दाबून आवाज वाढवायचा, आणि परत डिशवर आलं की सगळं घर दचकतं. डॉल्बीमध्ये संवादाची पातळी ठरावीक खाली ठेवलेली असते, साध्या पीसीएममध्ये तसं बंधन नाही, म्हणून हा फरक. 'सोर्स लेव्हल'मध्ये प्रत्येक खात्याला अधिक-उणे बारा डेसिबलपर्यंत जागा असते. डिशला उणे चार दिलं, रेकॉर्ड प्लेअरला अधिक तीन, बाकी शून्य. हे आकडे त्या घरचे आहेत, तुमचे कानाने ठरवा. खरं तर सगळ्यात हळू वाजणारा सोर्स शून्यावर ठेवून बाकीच्यांना खाली आणलेलं बरं.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर टीव्ही चित्रावर करत असलेली प्रक्रिया हे कारण. चित्र मागे राहतं, आवाज पुढे पोचतो. बातम्या सांगणाऱ्या माणसाच्या ओठांकडे बघत 'ऑडिओ डिले' दहा-दहा मिलिसेकंदांनी वाढवायचा. डिशवर साठला जुळलं.

मग नावं बदलली. रिसीव्हरवर देवनागरी उमटत नाही, म्हणून रोमन अक्षरांतच डिश, स्टिक, लग्नाच्या सीडी, रेकॉर्ड अशी नावं घातली. न वापरलेले सोर्स 'हाइड' करून टाकले. चौदा नावांतून पाच उरली की घरातलं कोणीही रिमोट हातात घेतं.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट उष्म्याची. मे महिन्यात इकडे पारा ४३-४४ वर असतो, खोलीत कुलर लावूनही पस्तीसच्या खाली येत नाही, आणि रिसीव्हरच्या पुस्तिकांमध्ये खोलीचं तापमान साधारण ३५ पर्यंतच धरलेलं असतं. काचेचं दार असलेल्या कपाटात दुपारपर्यंत रिसीव्हरच्या झाकणावर हात टेकवत नव्हता. कारण डिश त्याच्यातून जात होती, म्हणजे सकाळच्या भजनापासून रात्रीच्या मालिकेपर्यंत तो चालूच. घरातल्या आजींनी एकच विचारलं: "बातम्या देखाले इतलं मोठं मशीन कसाले?"

प्रश्न बरोबर होता. 'एचडीएमआय पास थ्रू' चालू केलं तर रिसीव्हर झोपलेला असतानाही चित्र-आवाज टीव्हीपर्यंत जातो, पण त्यातही तो थोडा तापतो आणि कोणता सोर्स पुढे सोडायचा हे वेगळं ठरवावं लागतं. त्यापेक्षा डिशचा बॉक्सच टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआयला नेला. आता आजींना टीव्ही आणि डिशचे दोनच रिमोट लागतात, आणि मोठा आवाज हवा असेल तेव्हा रिसीव्हर चालू केला की तोच आवाज एआरसीवरून येतो. यात एक तोटा होऊ शकतो: काही टीव्ही बाहेरून आलेला ५.१ एआरसीवर दोनच चॅनल करून देतात. या टीव्हीने ५.१ तसाच दिला, इन्फोच्या पानावर 'डॉल्बी डी' दिसलं. दिसलं नसतं तरी मी हीच जोडणी ठेवली असती. दिवसभर बातम्या आणि मालिका चालणाऱ्या घरात डिश टीव्हीलाच असावी, असं माझं ठाम मत आहे. त्यानुसार तक्त्यात सीबीएल/सॅटच्या ओळीत रेघ आली, ते नाव हाइड झालं, आणि डिशला दिलेलं उणे चार आता 'टीव्ही ऑडिओ'च्या खात्यात गेलं. ओठांचे साठ मिलिसेकंदही तिथे नव्याने जुळवावे लागले, चाळीस पुरले.

कपाटाची मागची प्लाय कापली, रिसीव्हरच्या डोक्यावर चार बोटं नव्हे, वीतभर जागा सोडली आणि त्याच्यावर ठेवलेला बॉक्स खाली उतरवला. कुलरचा झोत थेट पाठीवर येणार नाही हेही बघितलं. झोताबरोबर येणारे थेंब क्षाराचे असतात आणि सॉकेटांवर पांढरी पुटं धरतात. रिकाम्या सॉकेटांना प्लास्टिकच्या टोप्या लावून ठेवल्या, धूळ आपल्याकडे कमी नाही.

शेवटची चाचणी वीज जाण्याची. लोडशेडिंगनंतर वीज आली की स्टिक स्वतःहून जागी होते आणि सीईसीवरून टीव्हीला उठवते, मग रात्री तीन वाजता हॉलमध्ये टीव्ही उजळलेला. यासाठी स्टिकच्या सेटिंगमध्ये 'एचडीएमआय सीईसी' बंद केलं. टीव्ही आणि रिसीव्हरमधलं चालूच ठेवलं, कारण एआरसीला ते लागतं. सगळ्या मेन्यूंच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले, पाच रकान्यांचा कागद सुधारून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मग घराचा मेन स्विच पाडला, दोन मिनिटं थांबून वर केला. स्टिकचा दिवा लागला, रिसीव्हरचा लाल ठिपका लागला. टीव्ही काळाच राहिला.